सोन्याच्या घड्याळात सोन्याची किंमत किती?

प्रश्न असा आहे: चामडी पट्ट्याच्या १८ कॅरटच्या स्विस घड्याळात फार तर चार तोळे सोने असते. सराफ दागिन्यावर दहा-पंधरा टक्के घडणावळ लावतो आणि घड्याळाच्या कंपन्या सोन्याच्या आठ-दहा पट किंमत सांगतात. मग ही लूट नाही तर काय?

तीस वर्षांहून अधिक काळ मी घड्याळांची दुरुस्ती करतो आहे. माझ्या टेबलावर एचएमटी येते, जपानी घड्याळे येतात आणि जिनिव्हाची सोन्याची घड्याळेही येतात. त्या अनुभवावरून सांगतो, ही लूट नाही. मात्र जास्तीचा प्रत्येक रुपया कारागिराच्या हाताला जातो असेही नाही. कुठला रुपया कशाला जातो हे कळले, तर एखादे महागडे घड्याळ आपल्या किमतीला खरे उतरते का, हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

आधी आकडेमोड करू. चोख सोने १० ग्रॅमला १ लाख रुपये असा सोपा भाव धरतो; तुम्ही त्या जागी आजचा भाव घालून पाहा. चामडी पट्ट्याचे, पातळ, तीन काट्यांचे एक साधे घड्याळ घ्या. केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) आणि बकल मिळून १८ कॅरटचे ४० ग्रॅम धरू. १८ कॅरट म्हणजे हजारात ७५० भाग सोने, म्हणजे चोख सोने ३० ग्रॅम, ३ लाखांचे. जिनिव्हाच्या पहिल्या फळीतल्या कंपनीच्या अशा घड्याळाला २५ लाखांच्या पुढे मोजावे लागतात. आता पट्टाही सोन्याचाच असलेले भरीव घड्याळ घ्या. त्यात १८ कॅरटचे १५० ग्रॅम धरले, तर चोख सोने साधारण ११२ ग्रॅम, म्हणजे सव्वाअकरा लाखांचे. असे घड्याळ चाळीस लाखांच्या आसपास येते. पहिल्यात किंमत सोन्याच्या आठपटीहून जास्त, दुसऱ्यात साडेतीनपट. सोने जवळजवळ चौपट झाले तरी किंमत चौपट झाली नाही, कारण सोन्यावेगळा जो खर्च आहे तो वजनाप्रमाणे वाढत नाही. म्हणून टक्केवारीतली घडणावळ इथे लागूच पडत नाही.

सोने किंमत ठरवत नाही याचा आणखी ठसठशीत पुरावा स्टीलमध्ये आहे. १९७२ मध्ये ओडेमार पिगे या कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी आखलेले रॉयल ओक बाजारात आणले. केस स्टीलची आणि किंमत ३,३०० स्विस फ्रँक, त्या वेळच्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त. लोकांना ते वेड वाटले होते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीचे १५१८ हे मॉडेल १९४१ पासून निघाले. त्यात शाश्वत कॅलेंडर (लीप वर्षही आपोआप सांभाळणारे) आणि स्टॉपवॉच दोन्ही आहेत. जवळजवळ सगळी सोन्याची झाली. स्टीलची फक्त चार ठाऊक आहेत. त्यांतले एक २०१६ मध्ये जिनिव्हात लिलावाला निघाले आणि १ कोटी १० लाख फ्रँकांना गेले. २०१९ मध्ये पाटेकचेच ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख फ्रँकांना विकले गेले. तो लिलाव धर्मादाय कामासाठी होता, त्यामुळे बोली देणाऱ्यांनी हात सैल सोडला हे खरे. पण तेही स्टीलचेच होते, सोन्याचे नव्हे. वितळवले तर त्या स्टीलचे शंभर रुपयेही येणार नाहीत.

मग पैसे कशाचे? आधी मशीनचे, म्हणजे केसच्या आत चालणाऱ्या चाकांच्या आणि स्प्रिंगांच्या रचनेचे. एका साध्या चावीच्या मशीनमध्ये सव्वाशे-दीडशे भाग असतात, मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये दोनशेच्या घरात, शाश्वत कॅलेंडर घातले की त्याहून पुष्कळ जास्त. आजच्या बहुतेक चांगल्या मशीनचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारे चाक, सेकंदाला आठ ठोके देतो. दिवसाला ६ लाख ९१ हजार २०० ठोके, वर्षाला पंचवीस कोटी. अधिकृत स्विस क्रोनोमीटर चाचणीत मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत ठेवतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ते सरासरी चार सेकंदांहून मागे किंवा सहा सेकंदांहून पुढे जाता कामा नये. हे सगळे ज्या हेअरस्प्रिंगवर, म्हणजे त्या चाकाला झुलवणाऱ्या गुंडाळलेल्या स्प्रिंगवर, चालते ती केसाहून पातळ असते. उन्हाळ्या-हिवाळ्यात तिची लवचिकता बदलली की वेळ चुकते. हा प्रश्न ज्या मिश्रधातूंनी सुटला, ते शोधणाऱ्या शार्ल एद्वार गीयोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मूळचे स्वित्झर्लंडच्या फ्लरिए गावचे, घड्याळवाल्याच्या घरातले. आज अशा स्प्रिंगा कारखान्यात होतात, पण ती धातू ओतायची, खेचायची, गुंडाळायची विद्या अजूनही मोजक्याच ठिकाणी आहे.

तरीही नुसते चालण्याकडे पाहिले तर स्वस्त आणि महाग घड्याळांत फरक फार नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. एचएमटीचे जनता हे चावीचे घड्याळ नीट साफ करून तेल दिले की वर्षानुवर्षे इमानाने चालते. तत्त्व तेच, चाकांची रांग तीच. मला त्या मशीनबद्दल आदर आहे. वेळ अचूक हवी असेल तर काही शे रुपयांचे बॅटरीवरचे क्वार्ट्‌झ या दोघांनाही मागे टाकते. फरक आहे तो त्याच कामासाठी बनवलेल्या भागांवर माणसाने किती तास घालवले यात.

हे तास कुठे जातात ते आयग्लास (घड्याळजीचे भिंग) डोळ्याला लावल्याशिवाय कळत नाही. चाके जागेवर धरणाऱ्या पट्टीला ब्रिज म्हणतात. स्वस्त मशीनमध्ये ब्रिज छापून, कापून बसवतात; कडेला बोट फिरवले तर खरखर लागते. उत्तम मशीनमध्ये त्याच ब्रिजची प्रत्येक कड पंचेचाळीस अंशांत उतरवलेली असते आणि तो उतार आरशासारखा चमकवलेला असतो. बाहेरचे कोपरे कारखान्यातल्या यंत्राने करता येतात. आत वळणारा टोकदार कोपरा, जिथे दोन उतार एका रेषेत मिळतात, तो फिरणाऱ्या कटरने होत नाही, कारण कटर गोल असतो आणि कोपरा गोलच ठेवतो. तो हातानेच करावा लागतो, कानशीने आणि मग लाकडाच्या काडीने. जुरा डोंगरातल्या व्हाले द जू या खोऱ्यात त्यासाठी जेन्शियन नावाच्या वनस्पतीची वाळलेली काडी वापरतात, कारण तिचा गर पॉलिशची पूड नीट धरून ठेवतो. एका ब्रिजवर असे चार-सहा कोपरे असले तर कारागिराचा अख्खा दिवस जाऊ शकतो. मी कुठलेही महाग घड्याळ उघडले की आधी आतले कोपरे शोधतो. ते गोल असतील तर काम यंत्राचे. टोकदार असतील तर कोणीतरी तिथे बसले होते.

दुसरे काळे पॉलिश. स्क्रूचे डोके किंवा स्टीलची छोटी टोपी जस्ताच्या किंवा कथिलाच्या सपाट पाटीवर हिऱ्याच्या पुडीत घासतात. पृष्ठभाग इतका सपाट होतो की एका कोनातून तो पांढरा लखलखीत दिसतो आणि जरा कलवला की गडद काळा. मध्ये धुळीचा एक कण आला की ओरखडा पडतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून. एनॅमलची (भाजलेल्या काचेच्या मुलाम्याची) डायलही तशीच. ८०० अंशांच्या आसपास भट्टीत थरावर थर भाजतात. शेवटच्या भाजणीत बारीक तडा गेला की ती डायल बाद. बाद झालेल्यांची मजुरी टिकलेल्या डायलवर चढते.

यातल्या काही कामाचा उपयोग आहे. गुळगुळीत कडेचे कण सुटत नाहीत, पॉलिश केलेले स्टील गंज कमी धरते. पण खरे बोलायचे तर बरेचसे काम सौंदर्यासाठी आहे, आणि तेही बंद झाकणाआड, जिथे दुरुस्ती करणाऱ्याशिवाय कोणी पाहत नाही. जिनिव्हात १८८६ पासून एक शिक्का आहे, पोइन्सों द झनेव्ह. मशीनचे भाग ठरलेल्या दर्जाने हाताळले असतील तरच तो मिळतो. पैठणी घेताना जाणकार माणूस जरीच्या वजनाआधी पदरातला मोर विणायला किती दिवस लागले ते विचारतो. इथला हिशेब तसाच आहे.

याचे टोकाचे उदाहरण फिलिप द्युफूर. व्हाले द जूमध्ये राहणाऱ्या या कारागिराने २००० पासून सिंप्लिसिटी नावाचे घड्याळ करायला घेतले. तास, मिनिट, सेकंद, बस, तारीखसुद्धा नाही. सगळी मिळून दोनशेच्या आसपास झाली. त्याच मालिकेचे विसाव्या वर्षानिमित्त केलेले एक घड्याळ २०२० मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १३ लाख फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. त्याच्या केसमध्ये सोने आहेच, पण त्या किमतीपुढे ते हिशेबात धरण्याजोगेही नाही. एका माणसाच्या हयातीत त्याच्या हातून किती घड्याळे होतील याला मर्यादा आहे, आणि किंमत त्या मर्यादेची आहे.

ही विद्या दुर्मीळ का झाली तेही सांगायला हवे. १९६९ च्या नाताळात सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ आणले. त्याची केस १८ कॅरट सोन्याची होती आणि किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका छोट्या मोटारीइतकी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्‌झ इतके स्वस्त झाले की स्विस घड्याळ धंद्यातली माणसे सुमारे ९० हजारांवरून तीसेक हजारांवर आली. कारखान्यांनी साचे आणि हत्यारे भंगारात काढली. ल लोक्ल गावच्या झेनिथ कारखान्यात शार्ल व्हेर्मो यांना एल प्रिमेरो मशीनची हत्यारे टाकून द्यायचा हुकूम झाला होता. त्यांनी ती माळ्यावर लपवली, नोंदी लिहून ठेवल्या. म्हणून १९८० च्या दशकात ते मशीन पुन्हा बनू शकले आणि रोलेक्सने १९८८ च्या डेटोना या घड्याळात त्याच्यावर आधारलेले मशीन घातले. एका माणसाने ऐकले नाही म्हणून एवढे वाचले. बाकीच्या किती गोष्टी गेल्या असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते. त्या पडझडीतून जे टिकले, त्यांनी नवी माणसे पुन्हा तयार केली. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळजीचे शिक्षण तीन-चार वर्षांचे असते आणि तिथले पगार तर तुम्हाला ठाऊकच आहेत.

आता सोन्याच्या केसकडे येऊ. एकाच मॉडेलच्या स्टील आणि सोन्याच्या किमतीत जो फरक असतो, तो त्यातल्या सोन्यापेक्षा बराच मोठा असतो. याची काही कारणे खरी आहेत. आपल्या दागिन्याचे २२ कॅरट सोने घड्याळाला चालत नाही. ते मऊ पडते, स्क्रूचे आटे झिजतात, पाणी अडवणारे झाकण घट्ट बसत नाही. म्हणून १८ कॅरट, त्यात तांबे आणि चांदी. मिश्रण सगळीकडे सारखे हवे, नाहीतर केस आणि पट्ट्याच्या कड्या वेगवेगळ्या रंगाच्या दिसतात. रोलेक्सची तर स्वतःची सोन्याची भट्टी आहे आणि गुलाबी सोने फिके पडू नये म्हणून ते त्यात थोडे प्लॅटिनम घालतात. केस घन पट्टीतून कापतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक सोने किसात जाऊ शकते. तो कीस, पॉलिशची धूळ, हात धुतलेले पाणीसुद्धा गाळून परत मिळवतात, आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी करतात तेच काम. सोने परत मिळते, पण तोवर भांडवल अडकते. मऊ धातूला ओरखडा लवकर पडतो, म्हणून पॉलिश करणारा हात अधिक कसबी लागतो. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये सोन्याच्या केसवर सरकारी तपासणीचा शिक्का सक्तीचा आहे. १९९५ पासून त्यावर सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके असते.

ही सगळी कारणे जमेस धरली तरी स्टील आणि सोन्यातला पूर्ण फरक भरून निघत नाही. उरलेला भाग कंपनीचा नफा आहे. सोन्याचे घेणारा माणूस जास्त देऊ शकतो, म्हणून त्याच्याकडून जास्त घेतात.

यापुढे दुकानदार, जाहिरात आणि सरकार. दुकानदाराचा वाटा साधारण किमतीच्या एक तृतीयांशाच्या घरात असतो. त्यातून त्याला भाडे, विमा, सुरक्षा, माणसे सांभाळायची असतात. जाहिरातीचा खर्च डोळ्यांना दिसतोच; रोलेक्स १९७८ पासून विम्बल्डनशी जोडलेले आहे. आपल्याकडे आयात शुल्क येते. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे, त्यामुळे स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल. पण दागिन्याला जीएसटी ३ टक्के आणि घड्याळाला १८ टक्के, हा फरक राहतो. दहा लाखांवरच्या घड्याळाला एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर) कापला जातो, जो आयकरात वळता होतो. आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: २०१० च्या सुमाराला फ्रँक ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो शंभरच्या पुढे गेला. फ्रँकातली किंमत तीच ठेवली असती तरी आपल्यासाठी ते घड्याळ दुपटीहून महाग झाले असते.

टिकण्याचीही एक किंमत असते. पाटेक फिलिप म्हणते की १८३९ पासूनचे आपले कुठलेही घड्याळ आम्ही दुरुस्त करून देऊ. याचा अर्थ दीडशे वर्षांपूर्वीच्या मशीनचे भाग जपून ठेवायचे, नसतील तर एकेक हाताने करायचे, आणि ते करू शकणारी माणसे पगारावर ठेवायची. याच्या उलट अ‍ॅपलने २०१५ मध्ये १८ कॅरट सोन्याचे घड्याळ काढले, १० हजार डॉलर आणि वर. आत तेच, जे साडेतीनशे डॉलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घड्याळात होते. २०१८ मध्ये त्याला नवे सॉफ्टवेअर मिळणे थांबले. आज त्यातली खरी किंमत फक्त सोन्याची. दुसऱ्या टोकाला टायटनची नेब्युला घड्याळे आहेत: खरे १८ कॅरट सोने, आत बहुतेक क्वार्ट्‌झ, आणि किमतीत सोन्याचा वाटा स्विस घड्याळांपेक्षा कितीतरी मोठा. तुम्हाला सोनेच मनगटावर हवे असेल तर मी निःसंकोच तिकडे बोट दाखवीन.

जिथे मला खरोखर राग येतो ते घड्याळ वेगळे. नाव स्विस, केस सोन्याची, किंमत दहा-पंधरा लाख, आणि आत बाजारात सुटे विकत मिळणारे ऑटोमॅटिक मशीन, जे दीड लाखाच्या स्टीलच्या घड्याळातही असते. मशीन वाईट नसते. टिकाऊ असते, कुणीही दुरुस्त करू शकतो. पण त्या किमतीत जी घडण मिळायला हवी ती त्यात नाही. घेण्याआधी दुकानदाराला मशीनच्या मॉडेलचा क्रमांक विचारा आणि ते मशीन आणखी कोणत्या घड्याळांत येते ते शोधा. पाठीमागे काच असेल तर आयग्लास मागून घ्या आणि आतले कोपरे पाहा. चांगला दुकानदार त्याबद्दल नाराज होत नाही.

गुंतवणूक म्हणून सोन्याचे घड्याळ घेऊ नका. मोजकी स्पोर्ट्‌स मॉडेल सोडली तर दुकानाबाहेर पडताच चामडी पट्ट्यावरच्या सोन्याच्या घड्याळाची किंमत बरीच उतरते, आणि मोडीत घातले तर फक्त सोन्याचे पैसे येतात.

मोडीचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरवर गेले, तेव्हा जगभर सोन्याच्या खिशातल्या घड्याळांच्या केस वितळवल्या गेल्या. आतली मशीन नुसती उघडी राहिली. अशी केस नसलेली मशीन आजही जुन्या बाजारात पसाभर मिळतात. सध्याच्या भावामुळे तेच पुन्हा सुरू झाले आहे, आणि सगळ्यांत आधी जातात ती आजी-आईची छोटी सोन्याची घड्याळे, कारण त्यांना गिऱ्हाईक कमी. घरात असे घड्याळ असेल तर सराफाकडे जाण्याआधी ते ओळखीच्या घड्याळवाल्याकडून उघडून घ्या. झाकणाच्या आतला शिक्का, केसचा क्रमांक आणि मशीनवरचे नाव यांचे फोटो काढून ठेवा. नुसता मुलामा आहे की भरीव सोने, हे तो शिक्क्यावरून सांगेल. डायल मूळची आहे का ते विचारा. नव्याने रंगवलेली असेल तर किंमत निम्म्यावर येऊ शकते. केस चकचकीत करून घेऊ नका, कारण पॉलिशमध्ये कडा झिजतात आणि शिक्का पुसट होतो. बंद पडलेले असेल तर जबरदस्तीने चावी देऊ नका. बहुतेक वेळा आतले तेल सुकलेले असते आणि साफसफाईने ते पुन्हा चालते. जुनी पावती, डबी, वॉरंटीचा कागद सापडला तर तो घड्याळासोबतच ठेवा. एवढे झाल्यावर सोन्याचा भाव आणि घड्याळाचा भाव दोन्ही विचारा, आणि मग काय करायचे ते ठरवा.